कपडे वाळविण्याचें यंत्र आणि विजेचा हिशेब

मृग नक्षत्र लागून पावसानें एकदां ठाण मांडलें, म्हणजे मुंबईंत, कोंकणांत आणि घाटमाथ्यावरील गांवांत प्रत्येक गृहिणीपुढें एक प्रश्न उभा राहतो, तो वस्त्रांचा. सकाळीं धुतलेला शाळेचा गणवेश संध्याकाळीं हाताला गारच लागतो. दुसऱ्या दिवशीं त्याला कुबट वास येऊं लागतो. आणि तिसऱ्या दिवशीं मूल तोच अर्धा ओला सदरा अंगांत घालून शाळेस निघतें. आर्द्रा आणि पुनर्वसु या दोन नक्षत्रांत तर खिडक्यांचे गज, दारांमागील खुंट्या, खुर्च्यांच्या पाठी आणि पंख्याखालची दोरी हीं सारीं स्थळें कपड्यांनीं व्यापलेलीं असतात.

पूर्वीं यावर उपाय नव्हते असें नाहीं. माजघरांत आढ्याला टांगलेल्या वलणीवर लांब काठीनें लुगडीं-धोतरें वाळत घालीत, आणि खालच्या चुलीची ऊब त्यांना मिळे. बाळंतिणीच्या खोलींत निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची पाटी उपडी ठेवून तिच्यावर तान्ह्या मुलाचीं दुपटीं व लंगोट सुकवीत. आतां दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत माजघरही राहिलें नाहीं आणि चुलीची ऊबही राहिली नाहीं. कित्येक इमारतींत तर सज्जाबाहेर कपडे वाळत घालण्यासही मनाई असते. अशा घरांत विजेवर कपडे वाळविणारें यंत्र, ज्याला बाजारांत ड्रायर म्हणतात, तें हळूहळू प्रवेश करूं लागलें आहे. वस्तु महाग आहे, शिवाय घेतल्यानंतरही दर खेपेस वीज खाणारी आहे. म्हणून ती घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यावयाची तर कोणत्या प्रकारची, याचा विचार आमच्या पालकवर्गास उपयोगी पडेल, आणि त्यामागील शास्त्र विद्यार्थ्यांस मनोरंजक वाटेल, असें समजून हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राला दोन टोपलीं असतात, आणि त्यांतील लहान टोपल्याला आपण घरोघर ‘ड्रायर’ म्हणतों. तें कपडे वाळवीत नाहीं. तें कपडे पिळतें. प्रस्तुत लेखांतील ड्रायर निराळा. त्यांत एक मोठें पिंप आडव्या आंसाभोवतीं सावकाश फिरत असतें, त्यांत कपडे उसळत-कोसळत राहतात, आणि त्यांच्यामधून गरम हवा जात राहते. पिळणें आणि वाळविणें या दोन क्रियांतील फरक मनांत पक्का ठेवावा, कारण विजेचा सारा हिशेब त्याच फरकावर उभा आहे.

ओला कपडा वाळतो म्हणजे त्यांतील पाण्याची वाफ होते. वाफ होण्यास पाणी उकळावेंच लागतें असें नाहीं. दोरीवरचें धोतर काय उकळतें? परंतु उकळून होवो कीं सावकाश होवो, पाण्याचें बाष्प होतांना तें उष्णता गिळतेंच. या उष्णतेला शास्त्रांत गुप्त उष्णता म्हणतात, कारण ती घेऊनही पाण्याचें तपमान वाढत नाहीं. तिचें प्रमाण फार मोठें आहे. एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ७० किलोकॅलरी पुरतात. पण त्याच एक लिटर पाण्याची ३० अंशांवर वाफ करावयाची तर सुमारें ५८० किलोकॅलरी लागतात. विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. अर्थात् कपड्यांतील प्रत्येक लिटर पाण्यामागें निदान ०.६७ युनिट एवढी उष्णता कोठून तरी आलीच पाहिजे. उन्हांत ती सूर्य देतो व तिचें बिल पाठवीत नाहीं. घरांत ती विजेनें द्यावी लागते.

दुसरी अट हवेची. हवेंत बाष्प मावण्यास जागा असली पाहिजे. मुंबईच्या पावसाळी दिवशीं तपमान २९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८५ असली, तर एक घनमीटर हवेंत सुमारें २४ ग्रॅम बाष्प आधींच भरलेलें असतें, आणि आणखी चार-साडेचार ग्रॅमांनीं ती हवा तुडुंब होते. म्हणून दोरीवरचा कपडा हटून बसतो. तीच हवा ६५ अंशांपर्यंत तापविली कीं तिची धारणशक्ति इतकी वाढते कीं सापेक्ष आर्द्रता शेंकडा १५ च्याही खालीं येते. भर पावसांतील ओलीकंच हवा माण-खटावच्या वैशाखांतल्या हवेसारखी कोरडी होते, आणि तेंही तिच्यांतील एक थेंबही न काढतां. ड्रायरचें सारें रहस्य एवढेंच आहे.

ही युक्ति जुनी आहे. इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्समधील पोशाँ नांवाच्या गृहस्थानें भोकें पाडलेलें एक पिंप विस्तवावर हातानें फिरविण्याची योजना केली होती असें सांगतात. आमच्या शेगडीवरील उपड्या पाटीची ती सख्खी बहीणच म्हणावयाची. अमेरिकेंत जॉर्ज सॅम्पसन यानें १८९२ सालीं चुलीजवळ कपडे टांगण्याच्या चौकटीचें पेटंट घेतलें. त्यानंतर उत्तर डकोटा या कडाक्याच्या थंडीच्या प्रांतांत जे. रॉस मूर यानें पुष्कळ वर्षें खटपट करून फिरत्या पिंपाचें यंत्र तयार केलें, आणि विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स येथील हॅमिल्टन कंपनीनें तें १९३८ सालीं ‘जून डे’ या नांवानें बाजारांत आणलें. जूनमधील दिवस हा त्या मुलखांत लख्ख उन्हाचा. आमच्याकडे तेंच नांव कोणी ठेविलें असतें तर गिऱ्हाइकें हंसलीं असतीं.

असो. आतां खर्चाकडे वळूं. वाफेवाटें काढण्याच्या पाण्यास जर एवढी उष्णता लागते, तर वाफ होण्यापूर्वींच होईल तेवढें पाणी पिळून काढणें यांत शहाणपण आहे, हें उघड आहे. धुलाईयंत्र कपडे गरगर फिरवून पिळतें, तेव्हां केंद्रोत्सारी प्रेरणेनें पाणी पिंपाच्या छिद्रांतून बाहेर फेंकलें जातें. ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. मिनिटाला १००० फेऱ्यांऐवजीं १४०० फेरे झाले, तर ती जवळजवळ दुप्पट होते. सुती कपडे ८०० फेऱ्यांवर पिळले, तर त्यांच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा ७० च्या आसपास पाणी त्यांत उरतें. १००० वर सुमारें ६०, आणि १४०० वर सुमारें ५०. म्हणजे सहा किलो कपड्यांत एका यंत्रानें ४.२ लिटर पाणी मागें ठेविलें, तर दुसऱ्यानें ३ लिटरच ठेविलें. मधलें १.२ लिटर पाणी वाफेनें काढावयाचें तर साध्या ड्रायरला एक युनिटाहून अधिक वीज जाळावी लागली असती. तेंच पाणी पिळून काढण्यास लागणारी जादा वीज त्यापुढें नगण्य आहे. म्हणून ड्रायर घेण्याच्या विचारांत असलेल्या गृहस्थानें प्रथम आपल्या धुलाईयंत्राचे फेरे पाहावे. ते कमी असतील, तर उत्तम ड्रायर घेऊनही तो दर खेपेस नाहक पाणी उकरीत बसेल.

हा भाग विद्यार्थ्यांनीं घरीं स्वतः पडताळून पाहण्याजोगा आहे. स्वयंपाकघरांतील तराजूवर एक कोरडा पंचा किंवा टॉवेल तोलावा. समजा, तो ४०० ग्रॅम भरला. धुऊन व यंत्रांत पिळून काढतांच पुन्हां तोलावा. तो ६४० ग्रॅम भरला तर २४० ग्रॅम पाणी उरलें, म्हणजे शेंकडा ६०. नंतर तोच टॉवेल भिजवून हातानें पिळून तोलावा, आणि शेवटीं एखादा टेरिकॉटचा सदरा तोलावा. हाताच्या आणि यंत्राच्या पिळण्यांत किती अंतर आहे, आणि कापूस पाण्याला कसा धरून ठेवतो, हें आंकड्यांनीं कळेल. हे आंकडे वहींत मांडून ठेविले तर पुढें दिलेला हिशेब प्रत्येकास आपल्या घरापुरता करतां येईल.

आतां ड्रायरचे प्रकार. दुकानांत मांडलेल्या यंत्रांवर काचेचें दार, दिव्यांची रांग आणि पंधरा-वीस कार्यक्रमांचीं नांवें असतात, आणि विक्रेता त्यांचेंच गुणगान करतो. त्यास आपण एकच प्रश्न विचारावा : कपड्यांतून निघालेल्या वाफेचें हें यंत्र काय करतें? या प्रश्नाचीं तीन उत्तरें आहेत, आणि त्यावरूनच यंत्रांच्या तीन जाती पडतात.

पहिली जात वाफ बाहेर फेंकणारी. यांत खोलींतली हवा ओढून ती विजेच्या तारेनें तापवितात, कपड्यांतून फिरवितात, आणि ओलीगरम झालेली हवा जाड नळींतून खिडकीबाहेर सोडून देतात. रचना सोपी, किंमत कमी, दुरुस्ती हलकी. पण हवेबरोबर तिच्यांत घातलेली सारी उष्णताही बाहेर जाते. नळी खिडकीबाहेर न काढतां खोलींतच सोडली, तर भिंतींवर पाणी साचतें आणि बुरशी धरते. ज्या खोलींत हवा थंड करणारें यंत्र चालू आहे, तेथें हा ड्रायर ठेवणें म्हणजे पैसे देऊन गार केलेली हवा दुसऱ्यांदां पैसे देऊन बाहेर घालविणें होय.

दुसरी जात वाफेचें पुन्हां पाणी करणारी. तिला कंडेन्सर ड्रायर म्हणतात. यांत तीच हवा यंत्राच्या आंत फिरत राहते. कपड्यांतून ओली होऊन आलेली हवा खोलींतील हवेनें गार केलेल्या पत्र्यांवरून नेली, कीं तिच्यांतील बाष्पाचें पाणी होऊन टांकींत पडतें. मग ती हवा पुन्हां तापवावी लागते. नळी लागत नाहीं, ही सोय मोठी आहे. परंतु बाष्पाचें पाणी होतांना त्यानें गिळलेली गुप्त उष्णता तें परत ओकतें, आणि ती येथें खोलींत पसरते. सहा-सात किलो कपड्यांमागें चारएक युनिट उष्णता बंद खोलींत सोडणें, म्हणजे दोन हजार वॉटची शेगडी दोन तास पेटती ठेवणें झालें. लंडन-बर्लिनच्या हिवाळ्यांत त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. मुंबईच्या जुलैंत मात्र घरच्या मंडळींस त्या खोलींतून उठून जावें लागतें, किंवा ती उष्णता काढण्यास दुसरें यंत्र चालवावें लागतें.

या दोन्ही जातींस एक लिटर पाण्यामागें साधारण एक युनिट वीज लागते. गुप्त उष्णतेचे ०.६७ युनिट सुटत नाहींत, आणि उरलेली वीज पिंप, कपडे व हवा तापविण्यांत आणि गळतींत जाते.

तिसरी जात हीट पंपाची, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. हीट पंप म्हणजे उष्णता उचलून नेणारा पंप. नांव नवें वाटलें तरी वस्तु प्रत्येकाच्या घरीं आहे. फ्रीजच्या मागील बाजूस हात लावून पाहा, ती गरम लागते. फ्रीज थंडी निर्माण करीत नाहीं. आंतील पदार्थांतील उष्णता उचलून तो मागें आणून टाकतो. एक वायु कॉम्प्रेसरनें दाबला कीं तापतो व उष्णता देऊन द्रव होतो. दाब काढला कीं गार पडून उष्णता घेतो व पुन्हां वायु होतो. या रहाटगाडग्यानें उष्णता सखल जागेंतून उंच जागीं चढविली जाते. अशा यंत्रानें घर तापविल्यास इंधनाची मोठी बचत होईल, हें विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनीं १८५२ सालींच दाखवून दिलें होतें.

ड्रायरमध्यें हें रहाटगाडगें कसें बसविलें आहे पाहा. कपड्यांतून ओली होऊन आलेली हवा प्रथम गार नळ्यांवरून जाते. तेथें तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें, आणि त्यानें सोडलेली गुप्त उष्णता नळ्यांतील वायु शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून अधिक तापवितो, आणि तो गरम नळ्यांतून जातांना तीच उष्णता त्याच हवेस परत देतो. कोरडी व गरम झालेली हवा पुन्हां कपड्यांकडे वळते. म्हणजे एका थेंबाच्या वाफेस लागलेली उष्णता तो थेंब पाणी होतांना परत मिळते, आणि दुसऱ्या थेंबाच्या कामीं येते. वीज लागते ती उष्णता निर्माण करण्यास नव्हे, तर ती फिरती ठेवण्यास. म्हणूनच पहिल्यानें ऐकतांना अशक्य वाटणारी गोष्ट येथें घडते : एक लिटर पाण्याची वाफ होण्यास ०.६७ युनिट उष्णता लागते, तरी हा ड्रायर एक लिटर पाणी ०.३ ते ०.४ युनिट विजेंत काढतो. निसर्गाचा नियम मोडलेला नाहीं. एकच रुपया अनेक वेळां वापरला आहे, इतकेंच.

या जातीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती महाग आहे. तिची हवा पहिल्या दोन जातींइतकी तापत नाहीं, म्हणून वेळ अधिक लागतो. भरलेल्या पिंपास अडीच-तीन तास सहज लागतात. मात्र कमी तपमानामुळें कपडे आटत नाहींत व त्यांचा जीव टिकतो, हा दोषांतून निघालेला गुणच म्हणावयाचा. तिच्या पोटांत कॉम्प्रेसर व बारीक पत्र्यांच्या नळ्या असल्यामुळें दुरुस्तीस जाणता कारागीर लागतो. तो आपल्या गांवांत आहे कीं नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वीं विचारावें. पूर्वीं अशा यंत्रांत पृथ्वीचें वातावरण तापविणारा आर-१३४ए हा वायु भरीत. अलीकडील पुष्कळ यंत्रांत त्याऐवजीं प्रोपेन असतो. प्रोपेनचें प्रमाण अल्प असलें तरी तो ज्वालाग्राही आहे, म्हणून यंत्राभोंवतीं हवा खेळती ठेवावी आणि नळ्यांस अडाण्याचा हात लावूं देऊं नये.

यूरोपांत या प्रश्नाचा निकाल सरकारांनींच लावला आहे. स्वित्झर्लंडनें २०१२ सालापासून वीजबचतीची अट एवढी कडक केली कीं बाजारांत हीट पंपाचीच यंत्रें उरलीं. यूरोपीय संघानें १ जुलै २०२५ पासून तीच वाट धरली, आणि त्याच दिवसापासून यंत्रांवरील चिठ्ठीही बदलली. जुन्या चिठ्ठीवर ‘ए प्लस प्लस प्लस’ पासून ‘डी’ पर्यंत वर्ग होते, आणि वर्षाकाठीं १६० खेपा धरून विजेचा आंकडा दिलेला असे. नव्या चिठ्ठीवर ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत साधे वर्ग आहेत, आणि आंकडा १०० खेपांचा आहे. जे आप्त परदेशीं राहतात, किंवा जे येथें परदेशीं बनावटीचें यंत्र घेतात, त्यांनीं चिठ्ठी जुनी कीं नवी हें प्रथम पाहावें. जुन्या ‘ए प्लस प्लस प्लस’ चें यंत्र नव्या चिठ्ठीवर दोन-तीन पायऱ्या खालीं उतरूं शकतें. त्यावरून तें बिघडलें असें समजूं नये. आमच्या मतें अक्षरापेक्षां युनिटांचा आंकडाच वाचावा. १०० खेपांचीं युनिटें भागिलें १०० केलें, कीं एका खेपेचा खर्च हातीं येतो. आणि त्यास पिंपांत मावणाऱ्या किलोंनीं भागिलें, कीं लहान-मोठ्या यंत्रांची तुलना करतां येते.

एवढें वाचून कोणी म्हणेल, तर मग हीट पंपाचें यंत्रच सर्वांनीं घ्यावें. परंतु हिशेब केल्यावांचून असें म्हणणें बरोबर नाहीं. चार माणसांच्या एका कुटुंबाचें उदाहरण घेऊं. पावसाळ्याचे चार महिने, आठवड्यास चार खेपा, म्हणजे सुमारें ७० खेपा. दर खेपेस सहा किलो कपडे व १००० फेऱ्यांनीं पिळल्यानंतर उरलेलें ३.६ लिटर पाणी. साध्या ड्रायरला यास पावणेचार युनिटें लागतील, हीट पंपाला दीड युनिटाच्या आंत-बाहेर. खेपेस सव्वादोन युनिटांची बचत झाली. ७० खेपांची सुमारें १५८ युनिटें. विजेचा दर युनिटास १० रुपये धरला, तर वर्षास १,५८० रुपये वांचले. दोन यंत्रांच्या किमतींत ३०,००० रुपयांचें अंतर असेल, तर तें भरून यावयास १९ वर्षें लागतील, आणि तोंपर्यंत यंत्रच मोडीत निघेल. उलट इंग्लंड-जर्मनीसारख्या देशांत वर्षांतून २०० खेपा होणाऱ्या घरीं युनिटास ३० रुपये धरले, तर वर्षाची बचत १३,५०० रुपयांची होते आणि तेंच अंतर सव्वादोन वर्षांत भरून निघतें. यंत्र तेंच, शास्त्र तेंच. आकाश निराळें असल्यामुळें उत्तर निराळें येतें.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं केवळ दोन-तीन महिन्यांच्या अडचणीसाठीं ड्रायर घेण्याची घाई करूं नये. ज्या घरीं पावसाळ्याखेरीज आठ महिने दोरीवर ऊन पडतें, त्या घरानें आधीं पिळणें सुधारावें, आणि कपडे एका खोलींत टांगून पंखा लावावा. खोली बंद ठेवून तेथें डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेंतील ओलावा ओढून घेणारें छोटें यंत्र, ठेविलें तर आणखी चांगलें. तेंही एक प्रकारचें हीट पंपच आहे. आपल्या उबदार पावसाळी हवेंत तें सुमारें अर्ध्या युनिटांत एक लिटर पाणी काढतें, आणि कपड्यांबरोबर पुस्तकें, चामड्याच्या वस्तु व कपाटेंही कोरडीं ठेवतें. मात्र कांहीं उपाय न करतां बंद खोलींत दररोज तीन-चार लिटर पाणी वाळूं देणें बरें नव्हे. तें पाणी भिंतींत मुरतें, तेथें बुरशी येते, आणि दम्याच्या मुलांस ती बाधते.

परंतु जेथें बारमाही गरज आहे, जसें घरांत तान्हें मूल किंवा अंथरुणास खिळलेलें वडील माणूस आहे, घरास सज्जाच नाहीं, किंवा वसतिगृहासारखा मोठा संसार आहे, तेथें हीट पंपाचेंच यंत्र घ्यावें, आणि किंमतीस भिऊं नये. साधा कंडेन्सर ड्रायर आमच्या हवेंत आम्हांस कोठेंच शोभत नाहींसा वाटतो. बाहेर वाफ सोडणारा स्वस्त ड्रायर, ज्याच्या घरीं नळीस जागा आहे आणि ज्यास वर्षांतून पंचवीस-तीस खेपांहून अधिक करावयाच्या नाहींत, त्यानें घेतला तर त्यांत विजेचें फारसें पाप नाहीं. मात्र त्याच्या तारेस दोन हजार वॉटहून अधिक वीज लागते. भिंतींतील जोडणी १६ अँपियरची व तारा जाड असल्याची खात्री तारतंत्र्याकडून करून घ्यावी.

धुणें आणि वाळविणें एकाच पिंपांत करणारीं जोडयंत्रें जागा वांचवितात, म्हणून लोकांस आवडतात. त्यांत एक मेख आहे. आठ किलो कपडे धुणारें जोडयंत्र पांचएक किलोच वाळवूं शकतें, कारण वाळतांना कपड्यांस उसळण्यास जागा लागते. उरलेले बाहेर काढून ठेवावे लागतात. शिवाय त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें वाफ गार करण्यासाठीं नळाचें पाणी वाहवितात. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वसाहतींत हें परवडण्याजोगें नाहीं.

चांगल्या यंत्राची आणखी एक खूण म्हणजे ओलावा ओळखणारी योजना. पिंपाच्या आंत धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांवर टेकला कीं त्यांतून सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो, आणि तो थांबला कीं कपडे वाळले असें समजून यंत्र आपोआप थांबतें. केवळ घड्याळावर चालणारें यंत्र कपडे वाळल्यावरही फिरत राहतें. कापूस कधींच ठार कोरडा नसतो. साधारण हवेंत तो आपल्या वजनाच्या शेंकडा आठ-साडेआठ ओलावा धरून असतो. तोही काढून टाकला तर वीज वायां जाते, कपडा कडक होतो, आणि बाहेर काढतांच तो तेवढाच ओलावा हवेंतून पुन्हां पिऊन घेतो. इस्त्री करावयाचे कपडे तर किंचित् दमट असतांनाच काढावे.

वापरतांना सर्वांत महत्त्वाची वस्तु म्हणजे दारांतील जाळीची गाळणी. फिरतांना कपड्यांची लव सुटते व गाळणीवर तिचा पापुद्रा जमतो. तो दर खेपेस हातानें काढला पाहिजे. गाळणी तुंबली कीं हवा अडते, वेळ व वीज वाढते, आणि शेवटीं आग लागण्याचा संभव उत्पन्न होतो, कारण कोरडी लव कापसासारखी पेटते. अमेरिकेच्या अग्निशमन खात्यानें २००८ ते २०१० या काळाचा जो अंदाज दिला आहे, त्याप्रमाणें तेथें घरगुती ड्रायरमुळें वर्षास सुमारें २,९०० आगी लागत. आणि त्यांचें पहिलें कारण यंत्र साफ न करणें हेंच होतें. हीट पंपाच्या यंत्रांत गार नळ्यांपुढें बहुधा दुसरीही गाळणी असते. ती कोठें आहे हें विकणाऱ्याकडून घरीं बसवितांनाच पाहून ठेवावें.

आमच्या घरांतील एका धोक्याची सूचना परदेशी माहितीपत्रकांत सहसा ठळकपणें सांपडत नाहीं. बाळाच्या अंगास तेल लावून पुसलेलीं फडकीं, अभ्यंगस्नानाचे पंचे, आणि तळणाच्या वेळीं वापरलेलीं स्वयंपाकघरांतील फडकीं धुऊनही त्यांत तेलाचा अंश उरतो. वनस्पतिजन्य तेल गरम झाल्यावर हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून स्वतःच तापूं लागतें. अशीं फडकीं गरम असतांनाच ढीग करून ठेविलीं, तर ती उष्णता आंत कोंडून तीं कांहीं तासांनीं आपोआप पेट घेऊं शकतात. तेलकट कपडे ड्रायरमध्यें घालूंच नयेत. इतर कपड्यांच्या बाबतींतही यंत्र शेवटीं दहा मिनिटें गार हवा फिरवितें, तें अर्ध्यावर थांबवूं नये, आणि कपडे गरमागरम टोपलींत दाबून भरूं नयेत.

रेशमी लुगडीं, जरीचीं वस्त्रें, लोकरीचे स्वेटर आणि रबर लावलेले रेनकोट यांची जागा दोरीवरच आहे. टांकींत जमलेलें पाणी पिण्याच्या कामाचें नाहीं, त्यांत लव असते. कुंड्यांस किंवा फरशी पुसण्यास तें चालतें, आणि तीन-साडेतीन लिटर पाणी दर खेपेस मोजून पाहिलें, म्हणजे टॉवेल तोलून केलेल्या हिशेबाशीं तें जुळतें कीं नाहीं, हेंही विद्यार्थ्यांस पाहतां येईल.